पाच गिगाहर्ट्झनंतरची परीक्षा

डेट्रॉइटच्या वायव्येला, मिशिगन राज्यात नोव्हाय हे शहर आहे. वाहनउद्योगातल्या नोकरीमुळे इथे येऊन राहिलेली मराठी कुटुंबं या परिसरात आहेत. या शहराचं नाव एका शर्यतीच्या इंजिनालाही मिळालं होतं. लू वेल्च यांनी बनवून घेतलेल्या नोव्हाय व्ही-८ इंजिनाच्या गाड्या १९४१ पासून १९६६ पर्यंत 'इंडियानापोलिस ५००' ही मोटारशर्यत गाजवत राहिल्या. सुपरचार्जरच्या जोरावर राल्फ हेपबर्न यांनी १९४६ मध्ये पात्रता फेरीत ताशी १३३.९४४ मैलांचा विक्रम केला. प्रत्यक्ष शर्यतीत त्यांनी आघाडीही घेतली, पण गाडी मध्येच बंद पडली. एवढ्या ताकदीच्या या इंजिनाला ही मोटारशर्यत एकदाही जिंकता आली नाही.

घरच्या संगणकाचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायला, निघालेल्या प्रत्येकाने हा इतिहास वाचावा, कारण वेग वाढवणं हे या कामातलं सर्वांत सोपं पाऊल आहे. १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका आणि ५० चा गुणक, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. इंटेलच्या 'के' अक्षराच्या चिपमध्ये हा गुणक बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून, वाढवता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जोडणाऱ्यांना १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवत असेल. त्याचा बस-वेग, म्हणजे मूळ ठोका, ६६ वरून १०० वर नेला की ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर पळायची.

अडचण पुढे येते. ठोका लवकर पडला तर आतल्या सर्किटला उत्तर पक्कं करायला वेळ पुरत नाही आणि एखाद्या बिटचा शून्याचा एक होतो. त्यावर उपाय म्हणून व्होल्टेज वाढवायचं, तर उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले, तर उष्णता जवळपास ३३ टक्क्यांनी वाढते आणि तीही नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढायची असते.

म्हणून खरी परीक्षा रात्रभर चालते. त्यासाठी वापरला जाणारा प्राइम९५ हा प्रोग्रॅम जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिला. गणितातला आकडा पूर्णांकापासून किती ढळला हे तो तपासतो आणि शेवटचं उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडतो. त्यामुळे चिप चुकली की पडद्यावर तक्रार उमटते: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. त्या वेळी संगणक वरवर उत्तम चालू असतो, आणि मला याचीच सर्वांत धास्ती वाटते. संगणक कोलमडल्याचा निळा पडदा निदान दिसतो तरी. गुपचूप बिघडलेला फोटो वर्षभराने उघडायला गेल्यावरच कळतो.

शिवाय रात्रभर भार पेललेली चिप सकाळी साधं वेबपान उघडताना अडकू शकते. हलक्या कामात एखादाच कोअर सर्वाधिक वेगाने धावतो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून जड आणि हलकी, दोन्ही कामं तपासायला हवीत.

नोव्हायमध्ये ऋतूही हिशेबात धरावा लागतो. जानेवारीत थंडगार तळघरात बसवलेली घडी जुलैत विस्कटू शकते. खोली पाच अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच तापते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते, म्हणून संगणकाचा डबा उघडताना आधी त्याच्या धातूला हात लावावा.

आता तर कारखानेच चिप जवळजवळ शेवटापर्यंत ताणून विकतात. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप चिप अस्थिर होऊ लागल्या. चिपमधला मायक्रोकोड हा मूलभूत प्रोग्रॅम गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, हे त्यामागचं एक कारण २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं. तिने बायोसमधून येणारी दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशी चिप असेल तर आधी बायोस अद्ययावत करावं. नवी चिप घेणाऱ्याला मी वेग वाढवण्याआधी व्होल्टेज थोडं थोडं कमी करून पाहायला सांगेन. चाचणीत टिकली, तर चिप थंड राहते आणि बऱ्याचदा स्वतःहूनच वरचा वेग जास्त वेळ धरते.