जालन्याच्या उन्हात छोटा गेमिंग पीसी तापतोय? नवा कूलर घेण्याआधी हे गणित बघा

जालना म्हटलं की बियाणं आणि सळई आठवते. इथल्या एमआयडीसीत इंडक्शन भट्टीत भंगार वितळतं, तेव्हा आतलं तापमान दीड हजार अंशांच्या वर असतं. तरी भट्टीभोवतीची तांब्याची कॉइल वितळत नाही. कारण ती आतून पोकळ असते आणि तिच्यातून सतत पाणी फिरत असतं. थोडक्यात, उष्णता तयार झाली म्हणून काही बिघडत नाही, ती बाहेर गेली नाही की बिघडतं.

टेबलावरच्या गेमिंग पीसीचंही सेम आहे.

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड असतो जेमतेम 17 बाय 17 सेंटिमीटरचा. त्याभोवती बुटाच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी कॅबिनेट. गेम चालू झाला की ग्राफिक्स कार्ड 200 वॅट आणि प्रोसेसर 100 वॅट सहज ओढतो. म्हणजे 60 वॅटचे पाच जुने पिवळे बल्ब त्या खोक्यात लावून ठेवल्यासारखं झालं.

आता मे महिन्याचं गणित. हवेवर चालणारा कूलर असो की पाण्यावर चालणारा, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. त्याची ताकद प्रोसेसर आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. समजा प्रोसेसरची मर्यादा 95 अंश आहे. जानेवारीत खोली 20 अंशांवर असेल तर हाताशी 75 अंशांचा फरक असतो. मे महिन्यात पत्र्याखालची खोली 40 वर गेली की उरतात 55. म्हणजे तोच कूलर, तोच पंखा, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद पाव हिश्श्याहून जास्त घटली. हिवाळ्यात मक्खन चालणारा गेम उन्हाळ्यात अडकतो तो यामुळे. मर्यादा गाठली की प्रोसेसर जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात.

आणि हो, 95 आकडा बघून लगेच पीसी दुकानात न्यायची गरज नाही. एएमडीच्या रायझन 7000 मालिकेतले 7600एक्ससारखे प्रोसेसर पूर्ण लोडवर तिथपर्यंत जायलाच बनवलेत. इंटेलचे बरेच प्रोसेसर तर 100 पर्यंत जातात.

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय फुकट आहे. उष्णता काढता येत नसेल तर मुळात कमी तयार करायची. 7600एक्स मोकळा सोडला तर 142 वॅटपर्यंत घेतो. बायोसमध्ये 65 वॅटचा इको मोड लावला की 88 वर थांबतो. गेममध्ये बहुतेक भार ग्राफिक्स कार्डवर असल्यामुळे फ्रेम्समधला फरक सहसा जाणवतही नाही. इंटेलवाल्यांना बायोसमध्ये पॉवर लिमिट कमी करता येते. शिवाय स्क्रीन 60 हर्ट्झची असेल तर 140 फ्रेम्स काढून उपयोग काय? गेममध्ये फ्रेम लिमिट लावली की प्रोसेसर आणि कार्ड, दोघांचीही उष्णता उतरते.

त्यानंतर धूळ. छोट्या कॅबिनेटमध्ये हवा आत यायच्या जागाच मोजक्या, त्यात जाळी बुजली की संपलं. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाटेल तसा गरगरतो आणि बेअरिंग जातं. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या कप्प्यात ठेवली असेल तर आधी बाहेर काढा. आतली गरम हवाच फिरून आत येत असेल तर महागडा कूलरही काही करू शकत नाही. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट तीन-चार वर्षं जुनी असेल तर तीही बदलून बघता येते.

राहिला घरातला पाण्याचा कूलर. मराठवाड्यात मे महिन्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे तो खोली आठ-दहा अंशांनी उतरवू शकतो आणि प्रोसेसरही जवळपास तेवढाच उतरतो. ओलाव्याने पीसी खराब होईल ही भीती बरेच जण घालतात. पण चालू पीसीचे भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यामुळे त्यांच्यावर दव धरत नाही. खरा धोका उडणाऱ्या थेंबांचा, त्यात बोअरचं पाणी क्षाराचं. म्हणून कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको आणि समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत हवा ओली होत जाते आणि मग कूलर थंड करायचाच थांबतो.