सुट्या काड्या, बांधलेला दशक

दुसरीच्या वर्गात बाईंनी ‘त्रेसष्ट’ म्हटले की काही पाट्यांवर ३६ उमटतात. कानावर आधी ‘त्रे’ पडते, मग ‘सष्ट’, आणि हात कानाच्या मागून चालतो. ‘एकोणसत्तर’ त्याहून अवघड: ऐकू येतो सत्तर, लिहायचे असतात सहा आणि नऊ. ही चूक निष्काळजीपणाची नाही; ती मराठी संख्यानामांच्या घडणीतून येते. स्थानिक किमतीचा पाठ आखताना आधी ती समजून घ्यावी लागते.

ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८ मध्ये ‘अंडरस्टँडिंग बाय डिझाइन’ या पुस्तकात उलट्या आखणीची रीत मांडली. मुलाला शेवटी काय जमले पाहिजे आणि ते जमल्याचे कशावरून ओळखायचे, हे आधी ठरते, कृती नंतर. ‘६३ मध्ये दशक किती?’ ही कसोटी इथे पुरत नाही, कारण पाठांतर असलेले मूलही ‘सहा’ म्हणते. काड्यांच्या ढिगापुढे बसवून ‘६३ मधला हा ६ म्हणजे किती काड्या, दाखव’ म्हटले, की ते सहा सुट्या काड्या उचलते की सहा गठ्ठे, हे दिसते. खरी परीक्षा तीच.

जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये सांगितलेला कृती, चित्र, चिन्ह हा क्रम इथे उपयोगी पडतो. मुले काड्या मोजतात आणि दहा झाल्या की रबर लावतात. हे रबर मुलानेच लावायचे असते. वेळ वाचवण्यासाठी शिक्षकांनी गठ्ठे आधीच बांधून आणले, तर दहा सुट्यांचा एक दशक होतो तो क्षणच हुकतो. झोल्टान डीन्स यांच्या ठोकळ्यांतला दशकाचा दांडा सुबक असतो, पण तो सुटत नाही. म्हणून तो काड्यांनंतर आलेला बरा. दहाची नोट त्याच्याही नंतर, कारण ती रुपयाच्या दहापट दिसत नाही, दहापट मानावी लागते. मग वहीत गठ्ठ्यांचे चित्र, आणि शेवटी नुसते अंक.

नावांचा गुंता मात्र काड्यांनी सुटत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा वाचनाला जागा मिळाली, तेव्हा मोठा वाद झाला. जुनी नावे काढलेली नाहीत, जोडीला सोपा पर्याय दिला आहे, असे समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी स्पष्ट केले होते. पूल म्हणून ही रीत फार मोलाची आहे: जे आधी लिहायचे, तेच आधी ऐकू येते. बाजारात लागणारे ‘त्रेसष्ट’ त्या पुलावरून जाऊनही शिकता येते.

पाया असा घातला की ‘हातचा एक’ हे कोडे राहत नाही. बेरजेत सुट्या दहा झाल्या की गठ्ठा बांधून दशकाच्या घरात ठेवायचा. वजाबाकीत उलटे. ५२ मधून २७ द्यायच्या असतात. समोर पाच गठ्ठे आणि दोनच सुट्या. मूल थोडे थांबते, मग एका गठ्ठ्याचे रबर काढते.