गाडीतली तेलं, भाग ६ : लाल दिसलं म्हणजे बरोबर नव्हे

अंधेरी-कुर्ला रोडवरच्या कुठल्याही गॅरेजात 'स्टिअरिंग ऑइल टाका' म्हटलं, की बहुधा लाल तेलाची बाटली पुढे येते. हे एटीएफ, म्हणजे मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. बऱ्याच गाड्यांना ते चालतं, आणि गोंधळाचं मूळ नेमकं तिथेच आहे. उपनगरांत वर्षानुवर्षं टुरिस्ट गाड्या म्हणून धावलेल्या क्वालिस आणि पहिल्या इनोव्हासाठी टोयोटानेच डेक्सरॉन २ किंवा ३ जातीचं एटीएफ सांगितलं होतं. जे तेल इतक्या गाड्यांत बिनतक्रार चाललं, ते सगळ्यांत चालणार, असा समज पक्का व्हायला आणखी काय लागतं? पण लाल हा तेलाचा गुण नाही. तो मिसळलेला रंग आहे. जमिनीवर डाग पडला तर तो इंजिन ऑइलचा नाही, एवढं त्यावरून ओळखता यावं, हा त्याचा उपयोग.

हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबतो आणि ते तेल रॅकमधल्या दट्ट्याला ढकलतं. दाब ८० ते १०० बारपर्यंत चढू शकतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. त्याच तेलाने पंपाच्या पात्यांना वंगण द्यायचं आणि रबरी सील ना फुगू द्यायचे, ना आकसू द्यायचे. मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या सोसायटीत दोन खांबांमधल्या जागेत गाडी घालताना काय होतं ते पाहा. चाकं जवळजवळ जागच्या जागी वळतात, म्हणून जोर सर्वांत जास्त लागतो. इंजिन मात्र मंद, त्यामुळे पंपही मंद. स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवलं, की तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून नुसतं फिरत राहतं आणि तापतं. हायवेवर सरळ धावणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंग तेलाला एवढे कष्ट नसतात.

म्हणून तेल कोणतं, याचा निकाल टाकीच्या झाकणाने आणि गाडीबरोबरच्या पुस्तिकेने द्यावा. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाला हिरवं सिंथेटिक हायड्रॉलिक तेल लागतं. होंडा 'पीएसएफ' नावाचं स्वतःचं स्टिअरिंग तेल मागते. अडचणीत दुसरं पॉवर स्टिअरिंग तेल घातलंच, तर लवकरात लवकर सगळं काढून पुन्हा पीएसएफ भरा, असं तिच्या पुस्तिका सांगतात.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. ते हिरवं तेल उणे ४० अंशांतही वाहतं राहावं म्हणून बनवलेलं. सांताक्रूझला पारा फार उतरला तो जानेवारी १९६२ मध्ये, ७.४ अंशांवर. मग बोरिवलीत त्यासाठी जास्त पैसे का मोजायचे? थंडीचा मुद्दा आपल्याकडे लागू नाही, हे मान्यच करावं. पण साधारण ४० अंशांना ते तेल एटीएफच्या जवळपास निम्मंच दाट असतं. पंप, व्हॉल्व्ह आणि सील त्या पातळपणाला व त्यातल्या रसायनांना धरून जुळवलेले असतात. ती जुळणी मुंबईत आल्यामुळे बदलत नाही.

'वीस वर्षं हेच ओततोय, एक गाडी परत आली नाही,' हा मेकॅनिकचा युक्तिवाद खोटा नसतो, अपुरा असतो. त्याच्याकडे आलेल्या बहुतेक गाड्या एटीएफवाल्याच असतील, तर त्या परत येणार कशाला? आणि चुकीच्या तेलाने सील एका दिवसात जात नाही. काही महिन्यांनी रॅक गळू लागतो, तोवर पावसाळा येऊन गेलेला असतो आणि ठपका खड्ड्यांवर बसतो. (खड्डे निर्दोष आहेत असं इथे कुणी म्हणत नाही.)

बाटलीवरच्या शब्दांचंही तसंच. डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचं नाव. डेक्सरॉन ३ चे परवाने त्या कंपनीने २००६ च्या अखेरीस थांबवले. त्यामुळे आज कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणाऱ्या नव्या बाटलीवर ते नाव दिसलं, तर तो तेल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा आहे, जनरल मोटर्सची मोहोर नव्हे. तेल चांगलं असूही शकतं. पण मग ते बनवणाऱ्याची पत बघूनच घ्यावं लागतं. 'सर्व गाड्यांसाठी' असं लिहिलेली बाटली तर मी शेवटचा पर्याय मानतो.

ब्रेक ऑइल मात्र शेवटचा पर्यायही नाही. ते ग्लायकॉलचं असतं आणि स्टिअरिंगमधले सील खनिज तेलासाठीचे. चुकून ओतलं गेलंच तर गाडी सुरू न करता टाकी उपसावी.

आता बॉनेट उघडून टाकी शोधा. सापडली नाही, तर घाबरायचं कारण नाही. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते, तिथे तेलच नसतं. अशा गाडीच्या सर्व्हिस बिलात 'स्टिअरिंग ऑइल' दिसलं, तर ते कुठे ओतलं हे जरूर विचारा. टाकी असेल, तर पांढऱ्या कापडावर एक थेंब घ्या. तपकिरी आणि करपट वासाचं तेल बदलायला झालेलं आहे. फेस दिसला, तर कुठून तरी हवा शिरते आहे. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर तेल 'संपत' नाही, गळतं आहे, आणि तिथे कोणत्याही रंगाची बाटली उपयोगाची नाही.

पुढच्या आठवड्यात कूलंट. तिथे हिरवा, गुलाबी, निळा असे सगळेच रंग आहेत.