कुंचल्याची रोजंदारी

अमेरिकन कॉमिक्समध्ये हाताने रंग भरण्याचा धंदा १९९०च्या दशकापर्यंत चालला. पण या रंगकारांनी कागदावर लावलेला रंग बहुतेक वेळा छापला जातच नसे! पानाची छोटी छायाप्रत यायची. तिच्यावर डॉक्टर मार्टिन्सच्या बाटल्यांतले पारदर्शक द्रवरंग लावायचे, जागोजागी पिवळ्या-लाल-निळ्याच्या मात्रांचे संकेत लिहायचे आणि पान कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला धाडायचं. तिथे केमिकल कलर प्लेट कंपनीतल्या बायका एकेका मात्रेसाठी वेगळी फिल्म हाताने रंगवत. तीन रंग, प्रत्येकाच्या तीन मात्रा. कोरी जागा धरून एकूण ६४ छटा. रात्र, रक्त, समुद्र, माणसाची कातडी, सगळं एवढ्यातच बसवायचं.

काम मिळे ते ओळखीतून. १९४९च्या सुमारास मारी सेव्हरिन ईसी कॉमिक्सकडे आली, कारण भाऊ जॉनला रंग भरणारं कुणीतरी हवं होतं. फ्रान्समध्ये ‘व्हॅलेरियन’ या चित्रकथेचे रंग चित्रकार मेझिएरच्या बहिणीने, एव्हलिन त्राँ-ले हिने केले. पण नात्याने दार उघडतं, पुढची कामं हातच मिळवून देतो. ईसीच्या भयकथांत मारी एखादी भीषण चौकट एकाच गडद रंगात बुडवून टाकी, आणि वाचकाची नजर बरोबर तिथेच थबके. मजुरी मात्र पानामागे ठरलेली, आणि ईसीच्या त्या अंकांवर तिचं नावही नसे. हे मला आजही सलतं.

कुंचल्याचा रंग थेट छापायची सोय होती: फिक्या निळ्या रेषांची प्रत रंगवायची, काळ्या रेषांची फिल्म वरून ठेवायची. लिन व्हार्लीने ‘रोनिन’ (१९८३-८४) आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ (१९८६) रंगवलं, तेव्हा राखाडी, मळकट, धुकट छटांनीही गोष्ट सांगता येते हे अमेरिकन वाचकाने पाहिलं. रंगकाराचं नाव ठळकपणे घेतलं जाऊ लागलं ते अशा कामांमुळे.

पण तेवढ्यात संगणक आला: १९८८मध्ये स्टीव्ह ऑलिफने ‘अकिरा’ची इंग्रजी आवृत्ती संगणकावर रंगवली. १९९२मध्ये रंगकामासाठी पहिला आयस्नर, म्हणजे कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार, दिला गेला, तोही त्यालाच. ऑलिफचं काम त्या मानाचंच होतं. तरी मारीच्या पिढीच्या वाट्याला ऐन उमेदीत असा पुरस्कार यायला हवा होता.

जलरंग कॉमिक्समधून गेले नाहीत. डस्टिन न्गुयेनने ‘डिसेंडर’ पूर्ण जलरंगात केलं आणि २०१६मध्ये त्याला त्यासाठी आयस्नर मिळाला. मात्र तिथे रेषाही त्याच्याच. दुसऱ्याच्या रेषेत कुंचल्याने रंग भरून महिन्याचं घरभाडं काढायची नोकरी आता जवळजवळ उरलेली नाही.