ऑफिस हिंजवडीत, बिऱ्हाड कुठे?

नेमणुकीच्या पत्रावर ‘पुणे’ असं छापलेलं असतं. लातूरला किंवा अमरावतीला पेढे वाटले जातात, कुणी मावशी आठवण करून देते की आपले अमुक कोथरूडला राहतात, आणि लेक बॅग भरून निघते. ऑफिस मात्र पुण्यात नसतं. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं गाव. एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क त्याच्या आणि शेजारच्या माण, मारुंजी या गावांच्या शिवारात उभं राहिलं. काचेच्या इमारतींत जगभरातल्या बँकांची कामं चालतात आणि फाटकाबाहेरचा कारभार ग्रामपंचायत बघते. गाव महापालिकेत घ्या ही मागणी अधूनमधून जोर धरते. (नाव ‘हिंजवडी’. ‘हिंजेवाडी’ म्हटलं की गावकरी ओळखतात, माणूस नवा आहे.)

घर शोधायची खरी सुरुवात इथून व्हायला हवी. ‘पुण्यात कुठे राहू?’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘माझी इमारत कुठल्या फेजमध्ये आहे?’ हा नेमका. शिवाजी चौकाजवळच्या फेज वनपासून माणच्या बाजूची फेज थ्री पाच-सहा किलोमीटर आत आहे, आणि हे अंतर पार्कच्या आतच, सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहून कापायचं असतं. फेज वनवाल्याला वाकड सोयीचं, तर फेज थ्रीवाल्याला पाषाण-सूसकडून नांद्यावरून माणला निघणारा मागचा रस्ता कधीकधी बरा पडतो. त्यामुळे एकाच कंपनीतल्या दोघांना एकच घर सोयीचं असेल असं नाही.

नवखी माणसं अंतर किलोमीटरमध्ये मोजतात. जुनी माणसं चौकांमध्ये मोजतात. वाकड ते हिंजवडी नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतं, पण मध्ये मुंबई-बंगळुरू महामार्ग आडवा आहे आणि तो ओलांडायच्या जागा मोजक्या. ताथवडे, पुनावळे, रावेत इथून येणारी बरीचशी गर्दी भूमकर चौकाच्या भुयारी रस्त्यात शिरते; वाकडची गर्दी पुलाखाली अडते; बाणेर-बालेवाडीकडून येणाऱ्याला मुळा नदीही ओलांडावी लागते. कोथरूडकरांची वाट चांदणी चौकातून. तिथला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये स्फोटकांनी पाडला, ऑगस्ट 2023 मध्ये नवे उड्डाणपूल खुले झाले आणि तिथल्या वाहतूक कोंडीचा जाच कमी झाला. तरी महामार्गावरून उतरल्यावर हिंजवडीच्या तोंडाशी सगळे एकच.

एजंट घर दाखवतो रविवारी दुपारी. त्या वेळी भूमकर चौक चुटकीसरशी मागे पडतो आणि ‘ऑफिस दहा मिनिटांवर’ हे वाक्य खरंही वाटतं. कराराआधी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी नऊला त्याच घरापासून ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन बघावं, आणि संध्याकाळी साडेसहाला परत यावं. घरून काम करण्याची सवलत असलेले लोकही आठवड्याच्या मधल्या दिवसांतच ऑफिसात येतात, म्हणून वार महत्त्वाचा. जमलं तर हीच फेरी पावसात मारावी. 2025 च्या पावसाळ्याच्या तोंडावरच पार्कमधल्या रस्त्यांना ओढ्याचं रूप आलं आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. पाणी आपल्या जुन्या वाटेनेच निघालं होतं. वाट मात्र बुजवली गेली होती.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. दूरच्या घरामुळे एका वेळेला चाळीस मिनिटं जास्त लागतात असं धरलं, तर पाच दिवसांच्या आठवड्यात चारशे मिनिटं होतात. वर्षाचे 48 कामाचे आठवडे धरले तर 320 तास, म्हणजे आठ तासांचे चाळीस दिवस. आठवड्यातून दोनच दिवस जायचं असेल तर हाच आकडा सोळा दिवसांवर येतो, आणि मग लांबचं, मोठं, झाडाबिडांचं घर परवडू शकतं. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासून 2008 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लांबचा प्रवास करणारा माणूस कमी भाडं किंवा जास्त पगार मिळवून त्याची भरपाई करून घेत असेल, असं अर्थशास्त्र धरून चालतं. प्रत्यक्षात प्रवास जितका लांब तितकं माणसाचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी, असं त्यांना आढळलं. भाड्यातले वाचलेले पैसे दर महिन्याला मोजता येतात. संध्याकाळ कुणी मोजत नाही.

मग ऑफिसच्या कुंपणाला लागून घर घ्यावं? इथे गाठ पडते पाण्याशी.

हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे या पट्ट्यात बांधकामाला परवानगी पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देते. महापालिकेची जलवाहिनी या हद्दीत नाही. टॉवर झटपट उठतात, पण पाणी येतं टँकरने किंवा बोअरचं. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर हा सर्वसाधारण सरकारी निकष. चौघांच्या घराला 540 लिटर, दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला एक लाख आठ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज अकरा. वॉचमनला गप्पांच्या ओघात ‘काल किती टँकर आले?’ असं विचारलं तर जाहिरातीतल्या पोहण्याच्या तलावापेक्षा जास्त कळतं. हा खर्च मेंटेनन्समध्ये येतो की भाडेकरूकडून वेगळा घेतात, तेही तेव्हाच विचारून घ्यावं.

महापालिकेची हद्द म्हणजे नळाला धो-धो पाणी, असंही नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत त्यातच येतात. बाणेर-बालेवाडी 1997 पासून पुणे महापालिकेत आहे, तरीही 2016 मध्ये तिथल्या पाणीटंचाईचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि नव्या बांधकामांच्या परवानग्यांना काही काळ लगाम बसला. सूस आणि म्हाळुंगे 2021 मध्ये पुण्यात आले. पण हद्द कागदावर एका दिवसात सरकते, जलवाहिनीला वर्षं लागतात. दिवसाआड का होईना, नळाचं पाणी येणारी जुनी सोसायटी नव्या कोऱ्या टँकरवाल्या टॉवरपेक्षा बरी, हे चार पावसाळे काढलेला कुठलाही वाकडकर सांगेल.

नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील, एक हिंजवडीत आणि एक शहराच्या दुसऱ्या टोकाला खराडीत, तर गणित आणखी बिकट. बरीच जोडपी मधोमध घर घेतात. शिवाजीनगर-औंधच्या आसपासचा हा मध्यबिंदू न्याय्य दिसतो आणि दोघांनाही रोज थकवतो. त्यापेक्षा कुणाला रोज जावं लागतं, मुलाला पाळणाघरातून कोण आणतं, रात्रपाळी कुणाची, हे बघून घर एकाच्या ऑफिसकडे झुकवलेलं चांगलं. मूल शाळेत जायच्या वयाचं असेल तर शाळा आधी आणि घर नंतर, कारण नोकरी बदलते तितक्या सहज शाळा बदलत नाही. एकट्या मुलामुलींची अडचण वेगळीच असते. काही सोसायट्या ‘बॅचलर नको’ म्हणून दारातूनच परत पाठवतात, आणि मग वाकड-थेरगावच्या पीजींमध्ये पहिलं वर्ष निघतं. ते वाईट नसतं. परिसर कळायला त्याच्याइतका स्वस्त मार्ग नाही.

भाड्याने राहायचं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?’ असं म्हणणारा मालक भेटतोच. अकरा महिन्यांच्या करारालाही सूट नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या आसपास पडतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार रुपये आणि ग्रामीण भागात पाचशे, म्हणजे आपण शहरात राहायला आलो की गावात, हे पावतीवरूनही कळतं. आधार आणि अंगठा घेऊन एजंट घरी येऊन हे काम करतो. पोलीस पडताळणीही त्याच वेळी उरकावी.

विकत घेण्याची घाई मात्र पहिल्या वर्षी टाळलेली बरी. कंपनी इमारत बदलते, टीम खराडीला हलते, माणूस नोकरी बदलतो. वीस वर्षांचं कर्ज कुठे हलत नाही. शिवाय या पट्ट्यात विकलं जातं ते पुष्कळदा आजचं घर नसतं, उद्याचं आश्वासन असतं. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या 23.3 किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं. ‘मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं’ म्हणून फ्लॅट विकायला तेव्हापासूनच सुरुवात झाली आणि मेट्रोची मुदत मात्र पुन्हा पुन्हा पुढे गेली. पुनावळ्यात उलटा प्रकार. तिथे जागा घनकचरा प्रकल्पासाठी राखीव होती. भोवती सोसायट्या भरल्या, आणि 2023 मध्ये रहिवासी कचरा डेपोविरुद्ध रस्त्यावर उतरले. पुढे सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. विकास आराखड्यातलं आरक्षण फ्लॅटच्या माहितीपुस्तकात छापलेलं नसतं; ते महापालिकेत किंवा पीएमआरडीएत जाऊन बघावं लागतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजुरी आणि ताबा देण्याची तारीख दिसते. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत केवळ भाडं कमी म्हणून शिरणारे कितीतरी असतात.

चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, हिंजवडीहून ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड वाकडला निघतं. हजारो लोक वाटेवर असतात आणि वाहतूक वळवलेली असते. फेज टूमधून घरी निघालेली एखादी लातूरची मुलगी त्या संध्याकाळी कॅबमध्ये अडकते, वैतागते, आणि मग काच खाली करून ड्रायव्हरला विचारते, की या म्हातोबाचं देऊळ नक्की कुठे आहे.