अनसूयाबाई काळे: भगिनी मंडळ ते लोकसभा

गांधीबाग, इतवारी, महाल या जुन्या पेठांचं नागपूर १९५२ मध्ये मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या वर्षी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या शहराने लोकसभेत पाठवलं ते एका बाईंना. अनसूयाबाई काळे तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या पाठीशी तीन दशकांचं काम उभं होतं.

त्यांचा जन्म १८९६ चा, बेळगावचा. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत झालं. लग्नानंतर त्या नागपूरला आल्या आणि १९२० मध्ये त्यांनी भगिनी मंडळ सुरू केलं. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं. पुढच्याच वर्षी कमलाताई होस्पेट यांच्या मातृसेवा संघाचं काम सुरू झालं. नागपूरच्या बायका उंबरठ्याबाहेर पडून संस्था उभ्या करत होत्या, तो हा काळ.

या कामामुळेच १९२८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात त्यांची नेमणूक झाली. मानाची जागा होती, सरकारने दिलेली. १९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाल्यावर त्यांनी ती सोडली आणि तुरुंगवास पत्करला. १९३७ मध्ये त्या निवडून आल्या आणि प्रांतिक विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. सात वर्षांपूर्वी जी खुर्ची सोडली, तिच्याहून मोठ्या खुर्चीवर त्या लोकांच्या मतांनी बसल्या.

मात्र त्यांच्या आयुष्याची खरी कसोटी लागली ती १९४२ च्या चले जाव चळवळीनंतर. त्या वर्षी १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या चिमूरला मिरवणूक निघाली. गोळीबार झाला, लोक चिडले आणि जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही तेच घडलं. मग चिमुरात फौज आली. पुरुषांना पकडून नेलं, घरं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले. वर्तमानपत्रांची तोंडं बंद होती. अशा वेळी नागपूरच्या काही महिला चिमूरला गेल्या आणि तिथल्या बायकांच्या तोंडून झालं-गेलं ऐकून परतल्या. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवसांचं उपोषण केलं. ते १२ जानेवारी १९४३ ला सुटलं.

इकडे चिमूर-आष्टीत पकडलेल्यांवर खटले चालले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. अनसूयाबाईंनी या कैद्यांचे प्राण वाचवण्याचं काम अंगावर घेतलं. ते अवघड होतं, कारण कैदी निःशस्त्र सत्याग्रही नव्हते. गांधीजींच्या अहिंसेला मानणाऱ्या बाईंना खुनाच्या खटल्यातल्या माणसांसाठी दाद मागायची होती. मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांनाही घरदार होतं, आणि चिमूरच्या बायकांनी जे भोगलं तेही तितकंच खरं होतं. सुडाने सूडच वाढतो, आणखी फास आवळून कुणाचीच जखम भरत नाही, हे सरकारच्या गळी उतरवायला तीन वर्षं झुंजावं लागलं. खुद्द गांधीजींनी या प्रश्नात लक्ष घातलं. अखेर १९४५ मध्ये फासाच्या छायेत उरलेल्या कैद्यांची शिक्षा जन्मठेपेवर आली.

स्वातंत्र्यानंतर अखिल भारतीय महिला परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. १९५७ मध्ये नागपूरने त्यांना पुन्हा निवडून दिलं, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्यांच्या जागी पोटनिवडणुकीत लोकनायक बापूजी अणे निवडून आले.

अनसूयाबाईंच्या याच नागपुरात, गांधीबागेला लागून असलेल्या महालात, १७ मार्च २०२५ च्या रात्री दगडफेक आणि जाळपोळ झाली. कोतवाली, तहसील, गणेशपेठ अशा अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. बाजारपेठेत हातावर पोट असणारे कितीतरी जण. दंगलीचा पहिला मार त्यांच्याच चुलीला बसतो. संचारबंदी उठली, दुकानं उघडली की आपण म्हणतो, शांतता झाली. अनसूयाबाईंचं काम मात्र तिथून पुढे सुरू झालं होतं. चिमूरचा गोळीबार थांबल्यावरची तीन वर्षं त्यांनी तिथल्या कैद्यांसाठी दिली. कुणाच्या घरातला कर्ता आत आहे, कोणती बाई बोलायला घाबरते, हे वस्तीत वावरणाऱ्या बाईला आधी कळतं. म्हणून गांधीबागेत, महालात, हंसापुरीत शांतता समितीची बैठक बोलावताना बचत गट आणि महिला मंडळं चालवणाऱ्या बायकांना बरोबरीने बसवावं, आणि दंगल नसतानाही बोलावावं. ज्या शहराने पहिल्याच निवडणुकीत एका बाईवर विश्वास टाकला, त्याला हे जड जाऊ नये.