बाहुली बोलते, गाव ऐकते

वाचकहो, अनोळखी संस्थेचा माणूस गावात येऊन उपदेश करू लागला, तर आपण त्याच्यावर विश्वास ठेवाल काय? श्रीमती वेल्दी फिशर यांनी १९५३ साली अलाहाबादेत स्थापिलेली व १९५६ साली लखनौस आलेली ‘लिटरसी हाउस’ ही संस्था लोकांची ही शंका ओळखून होती. म्हणून साक्षरतेच्या प्रसारासाठी तिने बाहुल्यांचे खेळ हाती घेतले. न वाचताच कर्जाच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्याला गुरुजींनी हटकले, तर तो ओशाळतो. तीच चूक बाहुलीने केली, तर तो हसतो आणि हसता हसता स्वतःला ओळखतो. मात्र कथा केवळ दार उघडते. ‘उद्यापासून वर्ग भरेल’ असे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी तेथे शिक्षक दिसला, तरच त्या घरी विश्वास वस्तीला येतो.